बाकावरची वर्षं

आम्ही शाळेत उर्दू आणि इतिहास शिकवतो. फुटबॉलशी आमचा संबंध आला तो नोकरीमुळे. शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी होती. स्पर्धेला मुलांबरोबर कुणीतरी शिक्षक जावा लागतो, आणि स्टाफरूममध्ये वयानं सर्वांत लहान आम्हीच. कागद पुढे आला, आम्ही सही केली. बी.एड.ला असताना मैदानाची लांबी-रुंदी पाठ केली होती, तेवढंच भांडवल.

पण कोल्हापुरात राहून फुटबॉलमधलं काही कळत नाही असं म्हणायची सोय नाही. इथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की त्या दिवशी एका पेठेतल्या घरात दुसऱ्या पेठेतला जावईसुद्धा नकोसा होतो. वर्ल्ड कप आला की गल्लीची फाळणी होते, अर्धी अर्जेंटिनाकडे आणि अर्धी ब्राझीलकडे, आणि मेस्सी-नेमारचे फलक निवडणुकीच्या उमेदवारांपेक्षा मोठे लागतात. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. तेव्हापासून आमच्या वर्गात पायलट व्हायचंय, डॉक्टर व्हायचंय म्हणणाऱ्यांच्या रांगेत आणखी एक रांग वाढली.

त्या रांगेतला एक मुलगा दहावीत होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. अभ्यासात मध्यम. उर्दूचं अक्षर सुरेख. मैदानावर मात्र त्याच्याकडे बघत राहावं. चेंडू त्याच्याकडे आला की इतर मुलं धावायची आणि हा क्षणभर थांबायचा. त्या क्षणात त्याला काय दिसायचं ते आम्हाला कधी कळलं नाही, पण पुढचा चेंडू जिथे जायचा तिथे आपला माणूस उभा असायचा.

२०२५ चा जुलै. शाळाशाळांमधला सामना. रात्रभर पाऊस झालेला, मैदानावर नुसता चिखल. सामन्याची वीसेक मिनिटं उरली होती आणि कुणाचाच गोल नव्हता. हा उंच चेंडूसाठी उडाला आणि खाली आला तो एका पायावर. पाय चिखलात रुतला आणि अंग फिरलं. त्याला कुणी ढकललं नव्हतं, लाथ बसली नव्हती. नंतर त्यानं आम्हाला सांगितलं, आतून काडी मोडल्यासारखा आवाज आला.

लंगडत तो बाहेर आला. आम्ही मेडिकलमधून आणलेला दुखण्याचा स्प्रे मारला. पाच मिनिटांनी तो उभा राहिला, दोन पावलं चालला आणि म्हणाला, "कुच नै होता सर, खेलतूं मैं."

आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं. आम्ही घड्याळाकडे बघितलं. समोरची शाळा मोठी होती, त्यांच्याकडे पगारी कोच होता, सर्वांचे बूट एकसारखे होते. आमच्या मुलांपैकी तिघांचे बूट मोठ्या भावांचे होते. हा सामना आपण जिंकू शकतो असं आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. आम्ही म्हणालो, "जा, पर संभालके."

तो गेला. त्याच्याच पासवर गोल झाला. त्यानंतर दोन-तीन मिनिटांत तो पुन्हा खाली बसला, आणि या वेळी उठला नाही. सामना आम्ही जिंकलो. मुलांनी आम्हाला उचलून घेतलं. पुढच्या फेरीत चार गोलांनी हरलो, ते सोडून द्या.

घरी त्याला तीन आठवडे तेल चोळलं. कोल्हापुरात हाडं बसवणारे, सांधे चोळणारे जाणकार तालमीतालमीत आहेत आणि लचक, मुका मार यावर त्यांचा हात खरोखर चालतो. पण हे दुखणं वेगळं होतं. सूज उतरली, चालता येऊ लागलं. मात्र जिना उतरताना गुडघा मधूनच दगा द्यायचा, जणू आतला खिळा निघालाय. मग डॉक्टर, मग एमआरआय.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गुडघ्याच्या आत दोन दोऱ्या फुलीसारख्या एकमेकींना ओलांडून जातात. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड त्यांनी एकत्र धरलेलं असतं. पुढची दोरी तुटली की नडगी पुढे सरकायला लागते. सरळ चालताना फार जाणवत नाही, पण वळताना, थांबताना, उडी मारून खाली येताना गुडघा निसटतो. आणि फुटबॉल म्हणजे वळणं, थांबणं आणि उडी मारून खाली येणं. ही दोरी तुटली की हाडासारखी आपोआप सांधली जात नाही. मांडीच्या मागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा तुकडा काढून नवी दोरी बसवावी लागते. ती हाडात रुजायला, पायात ताकद परत यायला नऊ महिने तरी धरायचे.

याचे वडील उद्यमनगरात गाड्यांचं काम करतात. ते सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे गाडीचा बेल्ट तुटल्यासारखं."

डॉक्टर म्हणाले, "तसंच समजा. पण बेल्टबरोबर आतली गादीपण फाटलीय."

दोन हाडांमधली ती गादी. आम्ही विचारलं, ती कधी फाटली? पहिल्यांदा पडला तेव्हा, की दुसऱ्यांदा? डॉक्टर म्हणाले, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. दोरी तुटलेल्या गुडघ्यावर खेळत राहिलं तर गादी फाटण्याची भीती असते, इतकंच सांगता येईल. वडील आमच्याकडे बघत नव्हते. त्यांना ठाऊक नव्हतं की दुसऱ्यांदा त्याला आत कुणी पाठवलं. मुलानं घरी सांगितलं नव्हतं. आजवर सांगितलेलं नाही.

याच दिवसांत, १ ऑगस्ट २०२५ रोजी, भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांची नेमणूक झाली. १७० अर्ज आले होते म्हणतात. शेवटच्या तिघांत एक इंग्रज, एक स्लोव्हाक आणि हे. २०१२ नंतर पहिल्यांदाच भारतीय माणूस त्या जागेवर आला होता. आमच्या शाळेच्या वाचनालयात उर्दू दैनिक येतं आणि एक मराठी. दोन्हींतली बातमी आम्ही वाचली, आणि दोन्हींत एक ओळ अशी होती की तिथे आमचं बोट थांबलं. दुखापतींमुळे त्यांची खेळाडू म्हणूनची कारकीर्द लवकर संपली, अशी ती ओळ.

एवढ्या मोठ्या गोष्टीला एक ओळ. आम्ही मग मागचं शोधून वाचत गेलो.

जमील यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. कोकणातल्या, मुंबईतल्या आपल्या कितीतरी घरांना कुवेत हे नाव मामा-काकांच्या नोकरीमुळे ठाऊक आहे. यांचं कुटुंब मूळ पंजाबकडचं. पुढे जमील यांचं सारं खेळणं मुंबईत झालं. जागा मधल्या फळीत, म्हणजे आमच्या मुलाचीच. महिंद्रा युनायटेड, मग एअर इंडिया, मग परत महिंद्रा. भारताच्या संघातही निवड झाली. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कलकत्त्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांची बोलावणी त्यांनी नाकारली, कारण त्या काळात दोघांच्या नावापुढे दारूच्या कंपन्यांची नावं लागली होती, असंही वर्तमानपत्रांत छापून आलं. त्या बातमीवर आमच्या स्टाफरूममध्ये मोठी चर्चा झाली. आम्हाला मात्र त्याहून दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. ज्या माणसाची चांगली वर्षं मोजकी असतात, दुखण्यामुळे आणखी मोजकी होणार असतात, त्यानं त्यातली कमाईची संधी सोडायची, हा हिशेब सोपा नाही.

महिंद्रातली दुसरी खेळी दुखापतींनी कुरतडली. २००७ साली मुंबई एफसी नावाचा नवा क्लब निघाला, त्यात ते गेले. नव्या क्लबचा पहिलाच मोसम, २००७-०८, आणि हे पूर्ण मोसमभर दुखापतीमुळे बाहेर. एकही सामना नाही. २००९ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी बूट काढले. त्याच क्लबनं त्यांना प्रशिक्षक केलं.

आम्ही त्या एका मोसमापाशी अडकून राहिलो. माणूस रोज सकाळी उठतो, मैदानावर जातो, बाकी सगळे कपडे बदलतात आणि हा बदलत नाही. बाकावर बसायचं. आपल्या जागेवर दुसरा खेळतो ते बघायचं. आपल्याला पुढचा पास दिसतोय आणि त्याला दिसत नाही, हेही बघायचं. शाळेतल्या बाकावर आम्ही मुलांना वर्षानुवर्षं बसवतो आणि त्याला शिक्षण म्हणतो. त्या बाकावर जमील काय शिकले हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं आमच्या वाचनात नाही. ते फारसं बोलणारे गृहस्थच नव्हेत. पण पुढचं बघून अंदाज बांधता येतो.

मुंबई एफसी हा कमी पैशांचा संघ. त्याला त्यांनी सात वर्षं वरच्या स्पर्धेत टिकवून धरलं. २०१६ मध्ये तिथून त्यांना निरोप मिळाला. मग ते मिझोरमला गेले, ऐझॉल एफसीकडे. हा संघ आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्याचे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले म्हणून त्याला परत जागा मिळाली होती. मुंबई एफसीतले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे दोघं तिकडे आले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजोंगशी १-१ अशी बरोबरी झाली आणि ऐझॉल आय-लीगचा विजेता ठरला, मोहन बागानच्या पुढे फक्त एका गुणानं. ईशान्येकडच्या क्लबनं देशाची स्पर्धा जिंकल्याची ती पहिली वेळ. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन श्रेणीबाहेर पडला. पुढे नॉर्थईस्ट युनायटेडला त्यांनी मोसमाच्या मध्यात हाती घेतलं आणि २०२१ मध्ये आयएसएलच्या उपान्त्य फेरीत नेलं, भारतीय प्रशिक्षकानं हे पहिल्यांदाच केलं. मग जमशेदपूर. मग देशाचा संघ.

हे सगळं आम्ही वहीत नीट लिहून काढलं, पाठाचं टाचण काढतात तसं, आणि मुलाच्या घरी गेलो. तो कॉटवर पाय उशीवर ठेवून बसला होता. अम्मीनं चहा आणि खारी आणून ठेवली. आम्ही वाचून दाखवलं. बोलताना आवाज जरा वर्गातलाच लागला असणार.

तो शांतपणे ऐकत होता. वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, "सर, उनके पैर का खर्चा किसने दिया?"

आमच्या टाचणात याचं उत्तर नव्हतं.

त्याचा चुलतभाऊ तिथेच होता. बारावीला आहे, आर्सेनलच्या नादात आकंठ बुडालेला. तो म्हणाला, सर, यापेक्षा मोठी केस आहे. मोबाईलवर त्यानं तोमास रोझित्स्की दाखवला. प्रागचा खेळाडू, चेक संघाचा कर्णधार, बारीक अंगकाठीचा, २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेविरुद्ध दोन गोल करणारा. त्याच वर्षी तो आर्सेनलमध्ये आला. २६ जानेवारी २००८ ला न्यूकॅसलविरुद्ध सुरुवातीलाच दुखावून बाहेर आला, आणि परत उतरला तो १२ सप्टेंबर २००९ ला, मँचेस्टर सिटीविरुद्ध. उतरल्यावर गोल केला, पण संघ ४-२ असा हरला. मधे युरो २००८ गेली. क्लबात दहा वर्षं राहिला आणि सामने झाले २४६. शेवटच्या मोसमात तर एकच, बर्नलीविरुद्ध, बदली म्हणून आत गेला आणि त्यातही पुन्हा दुखावला. २०१७ च्या डिसेंबरात थांबला. वर्षभरानं त्याच्या जुन्या स्पार्टा प्राग क्लबनं त्याला खेळाचा सगळा कारभार पाहायला बसवलं आणि २०२३, २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं तो क्लब देशाचा विजेता झाला.

"देखा?" चुलतभाऊ म्हणाला.

मुलगा म्हणाला, "वीस महिने नै खेला, तो भी पगार मिला ना उसकू?"

मिळाला असणार. क्लबचा डॉक्टर, क्लबचा व्यायामतज्ज्ञ, क्लबचा करार. तिथे खेळाडूचा पाय ही क्लबची मालमत्ता असते. आणि जमील यांच्या वेळच्या मुंबईत निदान कंपन्यांचे संघ होते. महिंद्रा, एअर इंडिया, रेल्वे, बँका. चांगला खेळणाऱ्याला नोकरी मिळायची आणि बूट सुटले तरी पाठीशी एक कंपनी असायची. ती पद्धत फार थोर होती असं नाही, तिच्यात वशिलेही चालत. पण महिंद्रानं २०१० मध्ये संघ बंद केला आणि तसं एकेक दार मिटत गेलं. आता वर झगमगाटी लीग आहे आणि खाली गल्ली आहे. मधला जिना कुठे आहे ते मुलांनी विचारलं तर आम्ही बोट कुठे दाखवायचं? तालमीच्या संघातला खेळाडू दुखावला तर तालमीची माणसं डबा फिरवतात, जीव टाकतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण डबा तो डबा. सोळा वर्षांच्या शाळकरी मुलासाठी तोही नाही. स्पर्धेच्या अर्जावर पालकाची सही घेतलेली असते, तिच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की इजा झाल्यास जबाबदारी आमची नाही. तो अर्ज भरून घेणारे आम्हीच.

ऑपरेशनचे पैसे जमले. वडिलांनी भिशी उचलली, मोहल्ल्यातल्या लोकांनी हात लावला, स्टाफरूममधून पाकीट गेलं. आम्ही किती दिले ते सांगण्यात अर्थ नाही, कारण कितीही दिले असते तरी आम्हाला ते कमीच वाटले असते. सप्टेंबरात ऑपरेशन झालं. पहिले पंधरा दिवस त्याला गुडघा सरळ करायला शिकावं लागलं, मग वाकवायला. भिंतीला पाठ लावून बसल्यासारखं उभं राहायचं, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायची, मोजत राहायचं. कंटाळवाणं काम. त्याच्या मांडीचा घेर दुसऱ्या मांडीपेक्षा इतका कमी झाला होता की पहिल्यांदा पाहून आम्ही नजर वळवली.

त्या महिन्यांत जमील यांच्या संघाचे सामने तो मोबाईलवर बघायचा. सुरुवात झकास झाली होती. ऑगस्टअखेरीस ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानात २-१ असं हरवलं. ८ सप्टेंबरला ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. पण मधल्या इराणच्या सामन्यात बचावपटू संदेश झिंगनच्या चेहऱ्याला मार लागला आणि त्याला परत पाठवावं लागलं. ते ऐकून मुलगा म्हणाला, पाठवलं ना परत, बरं केलं. हे तो आम्हाला उद्देशून म्हणाला की सहज, ते त्यालाच ठाऊक. आम्ही त्या दिवशी लवकर उठलो.

मग ऑक्टोबरात गोव्यात सिंगापूरनं भारताला २-१ असं हरवलं आणि २०२७ च्या आशियाई स्पर्धेची दारं बंद झाली. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडूनही १-० अशी हार. ज्यांनी ऑगस्टात हार घातले होते त्यांचा सूर बदलला. आम्हालाही वाईट वाटलं, आणि त्यात थोडा स्वार्थ होता. आम्ही आमच्या मुलाला सांगण्यासाठी एक गोष्ट शोधली होती, आणि गोष्ट आमचं ऐकत नव्हती. मुलाला तसं काही वाटलं नाही. तो म्हणाला, "सर, हारने का डर होता तो वो ऐझॉल जाते क्या?" आणि पुन्हा टॉवेल दाबत मोजायला लागला. आकडे मात्र मराठीत मोजतो, फिजिओथेरपीवाल्या ताईंनी तसे शिकवलेत म्हणून.

जानेवारीत शाळाशाळांचे सामने पुन्हा ठरले. आम्ही यादी करायला बसलो. तो वर्गाबाहेर येऊन उभा राहिला. आता लंगडत नव्हता. म्हणाला, पूर्ण सामना नको, शेवटची दहा मिनिटं. दहावीनंतर ही शाळा संपणार, हा शेवटचा मोसम. गल्लीत धावून पाहिलं, काही होत नाही. ऑपरेशनला चार महिने झाले होते. डॉक्टरांनी नऊ सांगितले होते, आणि नऊ महिन्यांनंतरही उडी मारायला लावून, ताकद मोजून मगच काय ते ठरवू असं म्हटलं होतं.

आम्ही नाही म्हणालो.

"सर, कुच नै होता," तो म्हणाला. तेच शब्द, तोच आवाज.

या वेळी आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मिसरूड फुटायला लागलंय. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. तो म्हणाला, त्या दिवशी तर तुम्हीच पाठवलं होतं. पहिल्यांदाच बोलून दाखवलं. बाजूच्या वर्गात आठवीची मुलं पाढे म्हणत होती.

"हाँ," आम्ही म्हणालो, "हमने भेजा था."

तो थोडा वेळ उभा राहिला. आम्ही काहीतरी आणखी बोलावं अशी त्याची अपेक्षा असावी. जमील यांची गोष्ट आम्हाला आठवली, पण ती सांगायची नाही एवढं तरी आम्हाला कळलं. यादीत त्याचं नाव नव्हतं. ती आम्ही त्याच्यासमोर मुख्याध्यापकांकडे नेऊन दिली. तो निघून गेला. जाताना त्यानं सलाम केला नाही.

सामन्याच्या दिवशी तो मैदानावर येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण आला. शाळेचा गणवेश घातलेला, दप्तर पाठीवर. बाकाच्या एका टोकाला आम्ही बसलो होतो, तो दुसऱ्या टोकाला बसला. पाण्याच्या बाटल्या आमच्या दोघांच्या मध्ये होत्या.